तीन महिने जमिनीवर

कामावर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून सत्तर मीटर उंच बसून त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. एक इमारत उभी राहिली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. खुर्ची तशीच, काच तशीच, फक्त पायाखालचे रस्ते बदलायचे. सळया किंवा विटा वर यायला उशीर झाला की खालचा एखादा गवंडी आकाशाकडे बोट दाखवून म्हणायचा, "आपल्या हातात काय आहे बाबा? वरच्यांची मर्जी!" आणि सगळे हसायचे. त्यांना ते हसणं दिसायचं, ऐकू मात्र यायचं नाही.

सकाळी सातला ते शिडी चढायला लागत. दर सहा मीटरांवर लोखंडी जाळीचा एक टप्पा होता. ते प्रत्येक टप्प्यावर थांबून दम घेत. एकदा वर पोचलं की संध्याकाळपर्यंत खाली नाही. दुपारी जेवायला उतरायचं म्हटलं तर चढण्या-उतरण्यातच अर्धा-पाऊण तास जाणार, तोवर खाली पन्नास माणसं हात बांधून उभी. म्हणून डबा वर, पाण्याची बाटली वर, चहाचा थर्मास वर, आणि लघवीसाठी वेगळी बाटलीसुद्धा वरच.

सोबतीला वॉकीटॉकी. त्यावर एकच आवाज, सिग्नल देणाऱ्या माणसाचा. त्याला अर्थातच 'खालचे' हे नाव पडलं होतं. अकरा वर्षं दोघांचं बोलणं चाललं होतं. "थोडं डावीकडे. अजून. बस. सोडा सावकाश." दिवसातून चारशे-पाचशे वेळा ते एकमेकांशी बोलत, आणि त्यातला एक शब्द मालाबाहेरचा नसे.

एक माल ठेवून दुसरा बांधेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मोकळी मिळायची. हात मोकळे झाले की तोंड चालू व्हायचं. खारे दाणे, वेफर्स, बिस्किटं, वर साखर घट्ट घातलेला चहा. घरी जाताना कोपऱ्यावरच्या खाणावळीतून तिखट-खारट रस्सा आणि भात. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बायको तीन वर्षांपूर्वी परदेशात मुलाकडे गेली होती, सुनेच्या बाळंतपणासाठी, सहा महिन्यांकरता. मग नात आजारी पडली, मग सुनेची नोकरी सुरू झाली, मग दुसरं बाळ झालं. नवरा-बायकोत भांडण असं कधी झालंच नाही. भांडण झालं असतं तर निदान समजूत तरी काढता आली असती.

दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताचं मोजलं.

"एकशे अठ्ठावन्न, शंभर," डॉक्टर म्हणाले. "वजन अठ्ठ्याण्णव. या आकड्याने मी तुम्हाला वर पाठवू शकत नाही."

"मला काही होत नाही हो. डोकंसुद्धा दुखत नाही."

"ब्लडप्रेशर सांगून येत नाही. वर तुम्हाला भोवळ आली तर खाली किती माणसं असतात?"

वरचे म्हणाले, "गोळी द्या. उद्यापासून घेतो."

"देतो. पण एवढ्या आकड्याला डोस बसेपर्यंत, चक्कर येते का ते बघेपर्यंत दोन-तीन महिने जातात, म्हणजे तेव्हाही तुम्ही खालीच." डॉक्टरांनी बाकीचे रिपोर्ट चाळले. साखर ठीक होती, मूत्रपिंड ठीक होतं, हृदयाचा आलेखही ठीक होता. "दुसरा एक रस्ता आहे. तीन महिने. वजन उतरवा, मीठ निम्म्याहून कमी करा, रोज चाला. दर आठवड्याला इथे येऊन मोजायचं. वाढलं तर वाद न घालता गोळी. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले. गोळीशी त्यांचं वाकडं नव्हतं. वर परत जायचं होतं, आणि तीन महिन्यांची का होईना, डॉक्टरांनी दाखवलेली पक्की वाट ही होती.

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. खिळे, बोल्ट, हातमोजे, हेल्मेटं द्यायची आणि सही घ्यायची. त्यांच्या केबिनमध्ये दुसऱ्या साइटवरून बदली ऑपरेटर आली, चाळिशीची बाई, झपाझप हात चालणारी. स्टोअरच्या टेबलावर एक वॉकीटॉकी असायची. त्यावरून तिचा आणि खालच्यांचा आवाज दिवसभर येत राहायचा. दुसऱ्याच दिवशी ती काहीतरी बोलली आणि खालचे खो खो हसले. वरच्यांनी आवाज बारीक केला. थोड्या वेळाने परत मोठा केला.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन बाहेर आले. सळयावाले सळयांच्या ढिगापाशी, सुतार फळ्यांवर, गवंडी मिक्सरच्या सावलीत. सगळ्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. ते डबा हातात धरून उभेच राहिले. केबिनमध्ये एकट्याने जेवताना त्यांना कधी अवघड वाटलं नव्हतं. तिथे दुसरं कोण येणार होतं? इथे साठ माणसं होती.

"या, बसा," खालच्यांनी सरकून जागा केली.

दोघं शेजारी बसले. वॉकीटॉकी नसताना काय बोलावं, दोघांनाही सुचेना. शेवटी वरच्यांनी विचारलं, "डबा कोण करतं? वहिनी?"

"ती गेली. चार वर्षं झाली."

वरच्यांनी घास खाली ठेवला. "चार वर्षं? म्हणजे आपण तेव्हा..."

"ती काचेची इमारत करत होतो. तुम्ही बाविसाव्या मजल्यावर तुळया ठेवत होता. मी दोन दिवस नव्हतो, तिसऱ्या दिवशी आलो."

"मला बोलला नाहीत कधी."

"वॉकीटॉकीवर काय बोलणार? सगळी साइट ऐकते," खालचे म्हणाले आणि डब्याचं झाकण पुसत राहिले. "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, 'दोन दिवस दुसराच आवाज होता, कुठे होतात?' मी म्हटलं, 'काम होतं जरा.' तुम्ही म्हणालात, 'बरं, घ्या तुळई.'"

वरच्यांना ते आठवेना. संध्याकाळी ते बसथांब्यावर उभे राहिले, बस आली, आणि ते चढलेच नाहीत. घर चार किलोमीटर होतं. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेत पोटऱ्या भरून आल्या, मांड्या घासून सोलवटल्या, आणि ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तिथूनच पुढची बस पकडली. दुसऱ्या दिवशी त्या पायरीपर्यंत न थांबता गेले. दहाव्या दिवशी घरापर्यंत.

त्यांना रस्ते ठाऊक होते, पण वरून. खाली चालताना कळलं की पिवळ्या छपराची ती लांब इमारत शाळा नसून पिठाची गिरणी आहे, आणि तिच्यासमोर जाताना चपलांना पांढरं पीठ चिकटतं. लोक दोघं-दोघं चालत. समोरून कोणी आलं की ते बाजूला होत. तासाभरात कोणाशी एक शब्द होत नसे.

खाणावळ बंद केली. घरात एक छोटं पातेलं होतं, त्यात ते भाज्या उकडू लागले. पहिले पंधरा दिवस जेवण म्हणजे ओला पुठ्ठा. डॉक्टरांच्या नर्सने सांगितलं, लिंबू पिळा, मिरपूड घाला, जीभ महिन्याभरात वळणावर येईल. जीभ आली. खरा त्रास जेवणानंतर व्हायचा. साडेसातला ताट घासून झालं की झोपेपर्यंत करायचं काय? ते कपाट उघडत, आत बघत, बंद करत. पोट भरलेलं असायचं. मग चपला घालून पुन्हा खाली उतरत आणि गल्लीला तीन फेऱ्या मारत.

एकशे चौपन्न. एकशे पन्नास. एकशे अठ्ठेचाळीस. पाचव्या आठवड्यात वजन चार किलो उतरलं होतं आणि कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

सहाव्या आठवड्यात रविवारी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिने चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड आणलं.

"अहो, गळा का असा दिसतोय? शर्ट लोंबतोय नुसता. बरं नाहीये का?"

"बरं आहे. वजन कमी करतोय. प्रेशर निघालं होतं."

"कधी?"

"झाला की सव्वा महिना."

"आणि मला आज सांगताय? तेही मी विचारलं म्हणून?"

"अगं, त्यात सांगण्यासारखं काय? तू इथे असतीस तर दिसलंच असतं."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. पलीकडे तिच्या मागे कुठेतरी मूल रडायला लागलं.

"धाकटा शाळेत जाईपर्यंत तरी मला इथून हलता यायचं नाही," ती हळू म्हणाली. "मी सांगणारच होते. अजून दोन वर्षं. तो उठला बघा, ठेवते."

फोन बंद झाला. वरचे उठले, कोपऱ्यावर गेले, बिस्किटांचा मोठा पुडा आणि खाऱ्या दाण्यांची पिशवी घेऊन आले आणि ओट्यापाशी उभ्यानेच दोन्ही संपवली. त्या आठवड्यात ते चालले नाहीत. बसने गेले, बसने आले.

"एकशे छप्पन्न," डॉक्टर म्हणाले. "काय झालं या आठवड्यात?"

"काही नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "गोळी लिहू? यात हरण्यासारखं काही नाही. कित्येकांना लागतेच."

"एक आठवडा द्या. नाही उतरलं तर लिहा, मी तोंड उघडणार नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एकच."

त्या संध्याकाळी ते पायीच निघाले. राग होता, पण ज्याच्यावर काढावा असं माणूस सापडेना. बायकोवर काढावा तर ती तीन वर्षांच्या नातीचे केस विंचरत असेल. मुलावर काढावा तर तो दोन ठिकाणी राबत होता. ते इतके भरभर चालले की चार किलोमीटर कधी संपले ते कळलंच नाही. घर आलं आणि ते पुढे निघून गेले. परत आले तेव्हा बनियन पिळून काढण्याइतकं भिजलं होतं. आठवड्याने आकडा एकशे पन्नास. त्या तीन महिन्यांत तो पुन्हा वर चढला नाही.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी डॉक्टरांनी तीन वेळा मोजलं. एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. वजन नव्वद.

"जा वर," डॉक्टर म्हणाले. "पण हा आकडा तुमच्या चालण्यावर उभा आहे. तिथे दिवसभर बसून राहिलात की हा पुन्हा तिथेच. दर महिन्याला दर्शन द्यायचं."

चढताना या वेळी ते तिसऱ्या टप्प्यावर एकदा थांबले, मग थेट सातव्यावर. वर बदली ऑपरेटर निघायच्या तयारीत होती. तिने काच लखलखीत पुसून ठेवली होती.

"खुर्चीखाली शेंगदाण्यांची शेती होती तुमची," ती म्हणाली. "झाडून काढली."

वरचे ओशाळून हसले. "दुपारी करायचं काय, हा प्रश्न असतो."

"मी दुपारी उतरते."

"इंजिनिअर बोंब मारत नाही?"

"मारली. मी म्हटलं, मग दुसरा ऑपरेटर बघा. एवढ्या उंचीवर दुसरा ऑपरेटर लगेच मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पाऊण तास जातो, जाऊ दे." तिने पिशवी खांद्याला लावली. "वर बसून माणूस स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागतो. मला पहिल्या वर्षी ती सवय लागली होती. तुम्ही बोलता?"

"सव्वीस वर्षं," वरचे म्हणाले. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती शिडी उतरून गेली, आणि पुढे त्यांची भेट झाली नाही.

त्या दिवशी बारा वाजता त्यांनी बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, स्थिर केला आणि वॉकीटॉकी उचलली. "खालचे, मी उतरतोय."

"काय झालं? चक्कर?"

"जेवायला."

"या," खालचे म्हणाले.

सात-आठ महिने ते दोघं सळयांच्या ढिगाशेजारी जेवले. बोलणं फार होत नसे. खालच्यांनी एकदा आपल्या बायकोच्या आजाराबद्दल सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, आणि वरच्यांनी मध्ये काही न बोलता ऐकलं. मग खालच्यांचे गुडघे गेले. काम सोडून ते गावाकडे भावाकडे राहायला गेले. नवीन सिग्नलवाला चुणचुणीत होता, पण त्याचा स्वतःचा घोळका होता.

बायको त्या वर्षी पंधरा दिवस येऊन गेली. तिने घर धुऊन काढलं आणि त्यांच्यासोबत रोज संध्याकाळी चालायला आली. पिठाच्या गिरणीपाशी तिला धाप लागायची, मग ते थांबत. परत जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला आता माझ्यावाचून जमतं." तक्रार होती की समाधान, त्यांना ओळखता आलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

दीड वर्षाने, वजन अठ्ठ्याऐंशी असतानाही, आकडा हळूहळू एकशे चव्वेचाळीसवर आला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आता थोडी मदत लागेल, अर्धी गोळी. पहिले काही दिवस खाली काढावे लागले, ते त्यांनी स्टोअरमध्ये निमूट काढले. चालले नसते तर ही अर्धी गोळी केव्हाच दोन-तीन गोळ्यांची झाली असती, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

मग ते पुन्हा वर गेले. बारा वाजता अजूनही खाली उतरतात. काही दिवस शेजारी कोणी येऊन बसतं, काही दिवस नाही. डबा उघडून ते सावकाश जेवतात, हात धुतात आणि चढायला लागतात.