लेथवरचं फुलपात्र

वस्तू निवडण्याच्या कामात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस यमुनेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आले आणि निवृत्तीनंतर गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत स्थिरावले. पण त्यांच्या घरात एकही वस्तू सहज म्हणून शिरलेली नाही. पंखा घ्यायचा तर दुकानातले सगळे पंखे चालू करायला लावून ते प्रत्येकाखाली डोळे मिटून उभे राहणार. उशी घ्यायची तर दुकानातच आडवे होणार. एकदा त्यांचा खरोखरच डोळा लागला आणि दुकान बंद करायच्या वेळी दुकानदाराने ताईला फोन केला. "मग घेतली का ती उशी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "छे रे, झोप लागली म्हणजे उशी चांगली असं थोडंच आहे? मी दमलो होतो."

अशा माणसाने लाकडाचं पेन घडवायचं ठरवलं आणि त्यासाठी लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र, घ्यायचं म्हटलं, तेव्हाच मला आसपासच्या तमाम दुकानदारांची दया आली. पेनाचं कारण होती ताई. तिचं अक्षर इतकं देखणं, की मंडळाच्या गणपतीच्या आमंत्रणांच्या पाकिटांवर नावं घालायची ती तिनेच. पण संधिवाताने तिची बोटं आखडत चालली होती आणि बारीक पेन हातातून निसटायचं. बाजारातली जाड पेनं भाऊजींनी अर्थातच नापास केली. त्याच सुमारास तिच्या रुखवतातलं शिसवी लाटणं ओट्यावरून पडलं आणि तडकलं. तसंही पोळ्या आता कामाच्या बाईच करत होत्या. भाऊजींनी ते लाटणं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "यातला एवढा तुकडा शाबूत आहे. एक पेन निघेल. जाड, तुझ्या मुठीत बसेल असं. गणपतीच्या आधी देतो." कुठल्या गणपतीच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग सुरू झालं फुलपात्राचं प्रकरण. लेथ थरथरली तर लाकूड नीट गोल कातलं जात नाही, हे भाऊजींनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ते घरून स्टीलचं फुलपात्र न्यायचे, काठोकाठ पाणी भरून यंत्रावर ठेवायचे, "चलाइए" म्हणायचे आणि पाण्याला नाक लागेल इतके वाकून बघत राहायचे. पाणी हललं की यंत्र बाद. गाझियाबादच्या एका दुकानाचा मालक शेवटी कळवळून म्हणाला, "बाबूजी, प्यास लगी है तो पी लीजिए ना, मशीन पे क्यों रख रहे हैं?" करोल बागेत तर यंत्र सुरू होण्याआधीच पाणी हललं, कारण बाहेरून टेम्पो गेला होता. भाऊजींनी त्या दुकानाची फरशी नापास केली. यंत्रानंतर सळईची पाळी. पेनाचं लाकूड ज्या सळईवर ओवून फिरवतात, ती सळई ते काउंटरच्या काचेवर घरंगळवायचे आणि तिच्याखालून उजेड दिसतो का ते बघायचे. केसभर दिसला तरी "वाकडी आहे यार" म्हणून परत. गाडी चालवायला मी, त्यामुळे हे सगळं मी उभ्या उभ्या पाहिलेलं आहे. "भाऊजी, पेन करायचंय की सॅटेलाइट?" असं मी येताना वैतागून विचारायचो. ते शांतपणे म्हणायचे, "शालकबुवा, लाकूड एकच आहे. चुकलं तर दुसरं कुठून आणू? रुखवत काय परत मांडायचंय?"

गणपती आले, गेले, पुन्हा आले. पाकिटांवर छापील लेबलं लागली. मला ते फार लागलं. एका रविवारी जेवताना भाऊजी कुठल्याशा मोटरचे गुणदोष समजावून सांगत होते, तेवढ्यात ताईच्या हातातला चमचा ताटात पडला. तिने तो उचलला नाही. नुसतं म्हणाली, "अहो, मशीन कधीही मिळेल. बोटं नाही मिळायची."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही गाझियाबादला हजर. फुलपात्र बरोबर नव्हतं. मालकाने आम्हाला बघताच निमूटपणे पाण्याचा ग्लास भरून पुढे केला. भाऊजींनी तो घटाघटा पिऊन टाकला आणि म्हणाले, "पैक कर दीजिए."

लेथ बाल्कनीत बसली. आधी हात बसावा म्हणून जुन्या खाटेचा पाय, शेजाऱ्यांची मोडकी बॅट, मोरीतल्या ब्रशचा दांडा, जे मिळेल त्याची पेनं झाली. आवाजाची तक्रार घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरी खिशाला पेन लावून आणि केसांत भुसा घेऊन परत गेले. मग एका सकाळी मला फोन आला, "ये. आज शिसव लावतोय." भाऊजींनी तुकड्याला मधोमध भोक पाडलं, पितळी नळी बसवली आणि कातायला घेतलं. पेन झालं ते मधे किंचित फुगीर, लाटण्यासारखंच. भाऊजी म्हणाले, "यापुढे कातायला हात धजला नाही."

ताईने ते मुठीत धरलं. नवं पेन, म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आधी 'श्री' लिहिलं. वेलांटी थरथरत वर गेली आणि भलतीकडेच वळली. मला तिची जुनी पाकिटं आठवली, आणि मी उगाच बाल्कनीतला भुसा झाडू लागलो.

"वाकडं आलं ना हो?" तिने विचारलं.

भाऊजींनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला आणि फुलपात्रावर वाकायचे तसेच त्याच्यावर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"बिल्कुल सरळ आहे," ते म्हणाले. "यंदाची पाकिटं आणू का?"