जपून ठेवलेली गाडी

आमच्या बाबांनी एक गाडी जपून ठेवली होती. इतकी जपून, की तिला खालून भोक पडलं.

हे ऐकून लोक हसतात. मला अजून हसू येत नाही. मला राग येतो, आणि तो ओसरायच्या आत लिहून काढावा म्हणून बसले आहे.

कर्वेनगरला आईबाबांच्या सोसायटीत, पार्किंगच्या अगदी टोकाला ती उभी असायची, चंदेरी कव्हरखाली. लहानशी हॅचबॅक. मी कॉलेजात असताना घेतली. शोरूममधून आली त्याच दिवशी बाबांनी जाहीर केलं की सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. "खराब होतील सीट्स." मग ते कधीच काढलं गेलं नाही. मे महिन्यात त्यावर बसलं की उठताना पाय सोलून निघाल्यासारखे वाटायचे. पायाखाली रबरी मॅट आणि मॅटखाली वर्तमानपत्र. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीखाली वर्तमानपत्र असतं. फडताळात, ड्रॉवरमध्ये, मसाल्याच्या डब्यांखाली, कपाटातल्या शालूखाली. तेच गाडीतही गेलं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी बाबा कव्हर अर्धं वर करायचे, आत बसून इंजिन चालू करायचे, ते थोडा वेळ घुरघुरू द्यायचे आणि बंद करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. दसऱ्याला मात्र थाट. पाइपने आतबाहेर धुणं, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मग आई शेजारी बसायची आणि सोसायटीलाच एक चक्कर. परत जागेवर आली की लगेच कव्हर, गाडी ओली असतानाच. "उघडी ठेवली की धूळ बसते." म्हणजे वर कव्हर, मध्ये पाणी, खाली कागद. एखादी वस्तू कुजवायची याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

या गाडीकडे मी वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. मावशी पडली तेव्हा पाहिलं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, हडपसरला राहते. आईची आई लवकर गेली, तेव्हा आईची वेणीफणी, शाळा, आजारपण सगळं हिनेच केलं. मावशी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती अंथरुणाला खिळली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. दिवसभर एक बाई असते, ती मोबाइल बघत बसते. आई जायला लागली. बस, मग दुसरी बस, मग रिक्षा. आईचे गुडघे गेलेले. बसची पायरी चढताना मागचे लोक "चला आजी, चला" करतात. रिक्षावाल्याला हडपसर म्हटलं की तो आधी तोंड फिरवतो आणि मग नाही म्हणतो. ॲपवर बोलावली तर फोन करून विचारतो कुठे जायचंय, आणि रद्द करतो. एका संध्याकाळी आई घरी आली, चपला न काढताच सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आता नाही गं होत मला."

त्यानंतर जाणं थांबलं. मावशीचा फोन यायचा, "कधी येतेस?" आई म्हणायची, "येते हं, एकदोन दिवसांत." फोन ठेवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती.

बाबांनी डोळ्यांच्या त्रासामुळे काही वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं होतं, आणि तेव्हापासून कव्हरही निघालं नव्हतं. मी राहते विश्रांतवाडीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि नोकरीच्या दिवसांत मला सुटका नाही. पण आईकडे लायसन्स होतं. होय, होतं! गाडी घेतली तेव्हाच ती मोटार स्कूलमध्ये जाऊन शिकली होती आणि पहिल्या फटक्यात पास झाली होती. त्यानंतरच्या रविवारी तिने ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. मी मागे बसले होते. शेजारी बाबा. गेटपासून त्यांचं जे सुरू झालं ते थांबेचना. "डावीकडे घे. एवढं नको. बघतेस कुठे? अगं ब्रेक, ब्रेक!" चौकात त्यांनी स्वतःच हँडब्रेक ओढला. गाडी बंद पडली. मागून हॉर्न, शिव्या. आईला ती पुन्हा चालू करता येईना. शेवटी ती उतरली, भर रस्त्यात गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि बाबांनी उठून जागा बदलेपर्यंत तिथेच पदर सावरत उभी राहिली. पुढे लायसन्सचं नूतनीकरण ती न चुकता करत राहिली, पण स्टिअरिंगला तिने हात लावला नाही.

मी बाबांना म्हणाले, "गाडी दुरुस्त करून घेऊ. आई चालवील."

बाबा हसले. मोठ्याने नाही, नाकातून. "ही? हडपसरला?" एवढंच म्हणाले. आई तिथेच पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या क्षणी मी ठरवलं की ही गाडी रस्त्यावर येणार, मग काहीही होवो.

घाईही होती. गाडीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली होती. आरटीओत तपासणीत पास झाली तर पुढे चालणार, नाहीतर भंगारात. बाबांचं मत, तिला काही झालेलंच नाही. "ए-वन आहे. सेल मारला की सुरू होईल." मी आमच्याकडच्या, विश्रांतवाडीच्या एका गॅरेजवाल्यांना घेऊन आले. आजोबांपासून त्यांच्या घरात पत्र्याचं काम, आधी कॅम्पात, आता इकडे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि आमच्यापेक्षा खवचट.

कव्हर ओढलं तर ते टपाला चिकटलेलं. सुटलं ते रंग घेऊनच. दारांच्या कडा फुगून पापुद्रे सुटलेले. आत सीटवरचं प्लॅस्टिक मात्र लखलखीत, आणि त्याखालचं कापड बुरशीने काळं. चाचांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली. मग वर्तमानपत्र उचललं. त्याचा लगदा झाला होता, तो एकाच तुकड्यात वर आला आणि त्याबरोबर गाडीचा तळही आला. खाली पार्किंगची फरशी दिसायला लागली.

बाबा वाकून बघत म्हणाले, "उंदरांनी केलंय हे."

"काका," चाचा म्हणाले, "उंदीर पत्रा खात नाहीत."

सोसायटीचा वॉचमन तोंड फिरवून हसला. बाबा ताडताड वर निघून गेले. मला त्यांची दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली.

गाडी टो करून विश्रांतवाडीला नेली. चाचांना सगळंच करायचं होतं, तळ, दारं, रंग, पॉलिश. मी सांगितलं, तळ, ब्रेक, टायर आणि जे नसेल तर पास होणार नाही ते. रंग नाही. डावीकडचं दार पार गेलं होतं, तर भंगारातल्या एका गाडीचं मिळालं. ते लाल निघालं आणि आमची गाडी राखाडी. "ताई, हे असं फिरणार?" त्यांनी विचारलं. म्हटलं, फिरणार. दिसण्यासाठीच तर इतकी वर्षं ठेवली होती.

चाचांशी माझी रोज भांडणं. उद्या म्हणायचे, उद्या गेलं की परवा. मध्येच कुणाची तरी अर्जंट गाडी आली की आमची बाहेर, झाडाखाली. मी ऑफिसातून थेट तिथे जायचे आणि टायरवर बसून राहायचे. "एवढी घाई असेल तर नवी घ्या ना!" ते एकदा सगळ्या गॅरेजदेखत ओरडले. "तुम्ही शब्द पाळायला शिका!" मीही ओरडले. मग त्यांनी माझ्या हातात तारेचा ब्रश दिला आणि म्हणाले, बसलाच आहात तर घासा. मी घासायला लागले. सुट्टीचे दिवसही तिथेच घालवले. गंज घासताना मला फार बरं वाटायचं. तांबूस भुगा नाकातोंडात जायचा, हात भरून यायचे, आणि मनातल्या मनात मी बाबांशी जे बोलायचं ते सगळं बोलून घ्यायचे.

मग एक दिवस ते प्रत्यक्षच आले. बस बदलत, घामाघूम होऊन. कापलेला तळ त्यांनी पाहिला, वेल्डिंग पाहिलं, लाल दार पाहिलं. पण कोपऱ्यात प्लॅस्टिकचा ढीग पडला होता तिथे जाऊन थबकले.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"विचारायचं तरी. चांगलं होतं ते."

एवढं पुरलं. मी ब्रश खाली टाकला आणि बोलत सुटले. चाचा, त्यांची माणसं, रस्त्यावरचा चहावाला, सगळे ऐकत होते. म्हटलं, "प्लॅस्टिक चांगलं राहिलं, गाडी कुजली. आई घरात बसून राहिली. मावशी तिकडे एकटी छताकडे बघत पडलीय, आणि तुम्हाला प्लॅस्टिकचं पडलंय? तुम्ही कुणाला कधी काही वापरू दिलंत का हो?"

बाबांचा चेहरा पडला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी समोरून ट्रक येत होता. तू मागे होतीस. काही झालं असतं तर?"

"काही झालं नव्हतं, बाबा."

"मला भीती वाटली."

हे त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं. आईला तर नक्कीच नाही. मला खरं तर गलबलून यायला हवं होतं, पण उलट आणखीच राग आला. भीती त्यांना वाटली आणि जागा आईने सोडली! मी पाठ फिरवून घासायला लागले. त्यांनी ते प्लॅस्टिक उचललं, नीट घड्या घातल्या, पिशवीत भरलं आणि घेऊन गेले.

तपासणीत गाडी पहिल्या खेपेला नापास झाली, हेडलाइटसाठी. दुसऱ्या खेपेला पास झाली. चाचांनी पेढे मागितले आणि लगेच टोमणाही मारला, "आता कव्हर नका घालू एवढंच करा."

मग आईचा सराव. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, नदीकाठच्या रिकाम्या रस्त्यावर, मी शेजारी. तिला सगळं आठवत होतं. मात्र मागून हॉर्न वाजला की ती गाडी कडेला घ्यायची. मी तिला धीर द्यायचे, सूचना द्यायचे. हळूहळू ती कर्वे रस्त्यापर्यंत जाऊन यायला लागली. मावशीला तिने फोनवर सांगितलं, "या शनिवारी येते." आणि या वेळी ओटा पुसायला गेली नाही.

शनिवारी दुपारी, रस्ते जरा मोकळे असताना निघायचं ठरलं. मावशीला आवडतात म्हणून आईने वरणफळं केली होती, डबा मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवला. गाडीत बसली, आरसा नीट केला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले होते. त्यांनी लाल दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"अहो," आई समोर बघत म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

"का?"

"तुम्ही शेजारी असलात की मला येत नाही गाडी."

आवाज चढवला नाही, की मान वळवली नाही. बाबांनी पाय बाहेर घेतला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी पर्स सावरत पुढे झाले आणि दाराला हात घातला.

"तूसुद्धा नको."

"अगं, मी तर शिकवलं तुला..."

"तू त्यांच्यासारखीच ओरडतेस," आई म्हणाली. "सोड दार."

मी दार सोडलं. तिने गाडी सुरू केली, गेटपाशी क्षणभर थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि गेली. मी आणि बाबा तिथेच उभे. "दुसऱ्या गिअरवरच नेतेय बघ," ते पुटपुटले. "गप्प बसा हो तुम्ही," मी म्हणाले. वर येऊन मी चहा टाकला. दोघांचेही कान फोनकडे. करायची हिंमत मात्र कुणालाच नव्हती.

शेवटी फोन वाजला. मावशीचा होता. मी स्पीकरवर टाकला. "पोचली बरं का," मावशी ओरडून म्हणाली, "आणि सांगितलंय, परतताना कुणी फोन करायचा नाही." पलीकडे कोणीतरी खदखदून हसत होतं, श्वास लागेपर्यंत, मध्ये काहीतरी सांगायचा प्रयत्न करत आणि पुन्हा हसत.

"मागे कोण हसतंय?" बाबांनी मला विचारलं.

सगळा संसार केला या माणसाने तिच्याबरोबर. माझ्या जिभेवर एक सणसणीत वाक्य आलं होतं, ते मी गिळलं. कारण मलाही ती मावशीची सूनच वाटली होती.

"आई हसतेय," मी म्हणाले.