तिसऱ्या पातळीचा भालाईत

आईच्या आजारपणात दोन वर्षं गेल्यावर मी पुन्हा मित्रांच्या रविवारच्या खेळाला बसलो. प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत, बोलत बोलत खेळायची ती काल्पनिक मोहीम. बाकीच्यांची पात्रं नवव्या पातळीला पोचली होती, माझा भालाईत तिसऱ्यालाच. त्या दिवशी खेळातल्या राक्षसाने सगळ्यांना झोडपलं, मला तेवढं सोडलं.

"माझ्यावर वार का नाही रे?" खेळ चालवणाऱ्या, राक्षसाचे वार ठरवणाऱ्या सुहासला मी विचारलं.

"अरे, एका फटक्यात मरशील," तो नजर चुकवत म्हणाला.

लहानपणी अशा गड्याला आम्ही कच्चं लिंबू म्हणायचो. तो सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याला कुणी बाद करत नाही. हल्ली ऑफिसातही माझ्याशी कुणी भांडत नाही. बाद व्हायलासुद्धा माणूस आधी खेळात असावा लागतो.

मी फासा टाकला. सर्वांत मोठा आकडा पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ.