साडूंची केबिन

आमच्या थोरल्या साडूंइतका चिक्कू आणि त्यांच्याइतका उदार माणूस अख्ख्या भिलाईत शोधून सापडायचा नाही. स्टील प्लांटमधली नोकरी सोडून त्यांनी जामुलला लोखंडी फाटकं बनवायचा कारखाना काढला. तिथे ते एकच चहापत्ती दोनदा उकळायला लावतात, रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की पळत जाऊन बंद करतात. आमच्या हुडको कॉलनीतल्या घरून निघताना तर सवयीने आमचेच दिवे मालवून जातात आणि आम्ही अंधारात त्यांना हात हलवत उभे राहतो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे वेल्डिंग करणारी सरिता काम सोडते म्हणून सांगायला आली. सासू गावी परतली होती आणि तान्ह्या मुलीला सांभाळायला घरात कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडूंच्या एसी केबिनमधलं टेबल बाहेर पत्र्याच्या शेडखाली आलं, आत त्यांच्या मुलीचा, बबलीचा, जुना पाळणा गेला आणि मुलं सांभाळायला एक बाईही आली. तिचा पगार साडूंच्या खिशातून. हळूहळू बाकीच्या कामगारांची पोरंही तिथे रांगू लागली, आणि मालक बाहेर घाम पुसत बसले.

शेजारचे कारखानदार समजवायला आले. तुमचं पाहून उद्या आमचेही कामगार हेच मागतील, ज्याची पोरं त्याने पाहावीत, असं त्यांचं म्हणणं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रा आपन पैसे देऊन आनतो," ते म्हणाले, "पन कामाले येते तो मानूस लहानाचा मोठा कोनं केला? आपल्याले तो तयार भेटते. मंग त्याच्यात आपला थोडा हिस्सा नको काय?"

त्या कारखानदारांपैकी एकाने पुढे मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या अर्ध्या पगाराचा भार उचलला आणि आपल्याकडच्या बायकांची मुलंही तिथेच पाठवली.

एकदा मोठं गिऱ्हाईक भाव पाडायला आलं, तेव्हा सरिताची मुलगी साडूंच्या खांद्यावर झोपली होती. गिऱ्हाइकाने आवाज चढवताच साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. मग सगळी घासाघीस कुजबुजत झाली. कुजबुजत भांडता येत नसल्यामुळे भाव होता तसाच राहिला. ही गोष्ट मी भिलाईतल्या कोहक्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक नातेवाइकाला सांगितली आहे, आणि सांगताना माझीच मान ताठ होते.

परवा मी त्यांना म्हणालो, "भाऊ, तुमचा लई अभिमान वाटते."

त्यांनी ते ऐकलंच नसावं. केबिनच्या काचेतून ते आत पाहत होते. सरिताची मुलगी खुर्चीचा पाय सोडून पहिल्यांदाच दोन पावलं टाकत होती.

"आमची बबली कधी चालाले लागली, मले मालूमच नाही," ते हळूच म्हणाले. "मी प्लांटमंदी ड्युटीवर होतो."