काचेचं वारूळ

माझ्या थोरल्या मुलीनं मुंग्या पाळल्या होत्या. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, आमच्या पलीकडच्या घरातले पेन्शनर तर मुंगूस पाळून होते आणि त्यांना कुणी नावं ठेवत नसे. मुंग्या म्हटलं की मात्र माणसं आधी हसत आणि मग हळूच आपल्या पायाखाली बघत.

मी तेव्हा धारवाडच्या कोर्टात वकिली करत होतो. महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. वकिली बेताची, राग मात्र पहिल्या प्रतीचा, आणि समोर वाद दिसला की पक्षकार कोण हे न बघता उडी घ्यायची खोड. त्या खोडीपायीच मुंग्या घरात आल्या. परसातल्या कुंपणाचा एक मोठा दगड गवंड्यानं उपटला, तर खाली काळ्या मुंग्यांचं आख्खं घर निघालं. पांढरी अंडी, धावपळ आणि मध्ये एक जाडजूड राणी. माझी बायको चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन आली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. ती त्या खड्ड्यासमोर हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "अव्वा, नको. त्यांनी तुझं काय घेतलंय?"

मी ताबडतोब मुलीचं वकीलपत्र घेतलं. काळ्या मुंग्या शुभ असतात, त्यांना साखर घालणं पुण्याचं, मग त्यांच्यावर उकळतं पाणी कुठल्या शास्त्रात बसतं? बायको म्हणाली, "एवढा पुळका आहे तर घरात आणून ठेवा की." झालं. आम्ही बाप-लेकीनं आणून ठेवल्या.

दोन काचांच्या मध्ये माती भरायची, म्हणजे मुंग्या भुयारं काढतील ती बाहेरून दिसतील, ही कल्पना तिची. मी हुबळीला कमरीपेठेतल्या एका फोटो मढवणाऱ्याकडून तशी चौकट करून घेतली. दोन काचांत बोटभर जागा ठेवायला सांगितली तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघितलं. "इदराग याव देवर फोटो री?" यात कुठल्या देवाचा फोटो बसवणार, असं तो विचारत होता. मी म्हणालो, "देव नाही, इरवी." इरवी म्हणजे मुंगी. त्यानं मजुरी आगाऊ मागून घेतली.

कडा आम्ही मेणानं बुजवल्या. मुंग्यांना अंधार लागतो म्हणून माझ्या जुन्या काळ्या कोटाची पाठ कापून तिनं त्यावर पडदा शिवला. माजघरातल्या खिडकीखाली एक तिवई, तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि वर हे काचेचं वारूळ. लोक जाळीच्या कपाटाखाली पाणी ठेवतात ते मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आमच्याकडे त्या खाली उतरू नयेत म्हणून. रोज सकाळी काडीच्या टोकानं गुळाच्या पाण्याचे चार थेंब, दोन दिवसांनी एखादी मेलेली माशी, आणि कापसाचा बोळा ओला ठेवायचा. हे तिनं दोन वर्षं, एक दिवस न चुकता केलं. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा भिंतीला धरून उठली. मी रागावलो तर म्हणाली, "त्यांना काय ठाऊक, अण्णा, मला ताप आहे ते?"

कोर्टातून आलो की पगडी खुंटीला लावायच्या आधी ती मला हाताला धरून तिथं नेई. पडदा वर करी. आज राणीनं खोली बदलली, आज मेलेल्या एका कोपऱ्यात नेऊन टाकल्या, आज ही धाकटी पहिल्यांदा वर आली. एका वहीत सगळं लिहून ठेवी. खरं सांगतो, मला त्या मुंग्यांत रस कमी होता. दिवसभर लोकांच्या बांधावरच्या भांडणांत घालवून आल्यावर हे एक पोरीचं बोट काचेवरून फिरताना बघायला बरं वाटायचं. घरात माझ्याशी न घाबरता बोलणारी ती एकटीच होती. तिच्या आईलासुद्धा माझ्यापुढं बोलताना शब्द मोजावे लागत.

ती सोळाव्यात गेली आणि कोल्हापुराकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर खातंपितं. माघ महिन्यात दुपारच्या गाडीनं मंडळी येणार असं पत्र आलं. मुलगा स्वतः येणार नव्हता. त्याची आई, आत्या आणि एक काका. मी एकदम दुसराच माणूस झालो. तोवर मुंग्यांची गोष्ट मी बार रूममध्ये चवीनं सांगत असे. आता तीच गोष्ट त्या काकांच्या कानानं ऐकून बघितली, आणि घाम फुटला. मुंग्या पाळणारी मुलगी! डोक्यानं बरी आहे ना, असंच कुणीही विचारील.

हे बायकोवर ढकलणं सोपं आहे, आणि पुष्कळ वर्षं मी ते ढकललंही. पण ती बिचारी म्हणाली होती, "राहू दे की हो तिथंच. वर कापड आहे. कोण बघतंय?" मीच हट्टाला पेटलो.

तेव्हा मुलगी दाखवताना तिच्या हातचं काम मांडून ठेवायची रीत होती. भरतकाम, मण्यांची तोरणं, विणलेले रुमाल. आमच्या मुलीनं सुई कधी धड धरली नव्हती. तिच्या हातचं म्हणावं असं घरात एकच काम होतं, आणि ते मी लपवत होतो. शेजारच्या सुनेनं भरलेला कशिद्याचा खण मागून आणला आणि माजघरातल्या त्याच तिवईवर नीट घडी उलगडून पसरला. पाण्याच्या वाट्या काढून टाकल्या.

वारूळ ठेवायला जागा मीच शोधली. न्हाणीघरात बंबाच्या मागं, जळणाच्या आडोशाला. तिथं पाहुण्याची नजर जाणार नव्हती. सकाळच्या आंघोळी उरकल्या होत्या, बंब निवला होता. मी चौकट उचलली तेव्हा ती मागोमाग आली. साडी नेसून तयार होती, चालताना अडखळत होती.

"अण्णा, इथं बंब पेटतो."

"उद्या सकाळपर्यंत नाही पेटत. मंडळी पाचच्या गाडीनं परत जाणार. ती गेली की लगेच जागेवर."

"नक्की ना?"

"वकिलाचा शब्द आहे," मी म्हणालो. ती हसली. वकिलाच्या शब्दावर आमच्या घरात नेहमी थट्टा चाले, पण तिनं विश्वास ठेवला.

मंडळी आली. बायका माजघरात मुलीला घेऊन बसल्या. काका सोप्यावर. मी चहाचं विचारलं, तर ते म्हणाले, प्रवासातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. माणूस कर्मठ होता आणि मला त्याला खूष करायचं होतं. मी उठलो, माजघराच्या दारात उभा राहिलो आणि मोलकरणीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात ओरडलो, "बंब पेटव! पाहुण्यांना आंघोळीला पाणी!"

मुलीनं मान वर केली. दाखवायला बसलेल्या मुलीनं अशी मान वर करायची नसते. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पोर घाबरली आहे. मी डोळ्यांनीच तिला धीर दिला, 'बस, काही होत नाही,' अशी मान हलवली आणि पंचा शोधायला आत गेलो. त्या क्षणी माझ्या डोक्यात मुंग्यांचा विचार नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि त्याचा काहीही उपयोग नाही.

परत आलो तेव्हा मुलाची आई तो खण हातात घेऊन निरखत होती. टाके किती बारीक, मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी! तिनं विचारलं, "तुझ्याच हातचं ना गं?"

मुलीनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "होय."

तोपर्यंत ती माझ्याशी किंवा कुणाशीच खोटं बोलली नव्हती. काकांनी बादल्यांवर बादल्या उपसून आंघोळ केली. मोलकरीण पुढची लाकडं ओढून बंबात घालत राहिली; मागं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मंडळी प्रसन्न झाली. टांग्यात बसता बसता काकांनी होकाराची गोष्ट अर्धीमुर्धी बोलूनही टाकली. मी टांगा वळेपर्यंत रस्त्यात उभा होतो. मग मात्र आठवलं, आणि मी पळत न्हाणीघरात गेलो.

ती माझ्या आधी तिथं पोचली होती. मेण वितळून एक काच खाली सरकली होती. माती भाजून भेगाळली होती. ज्या बाहेर पडल्या होत्या त्या ओल्या फरशीवर बुडाल्या होत्या. बाकीच्या सगळ्या एका जागी ढीग करून पडल्या होत्या. राणी मध्ये असणार. ढीग बाजूला करून बघायचं धैर्य मला झालं नाही. पोर त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती, नवी साडी फरशीच्या पाण्यात भिजत होती.

मी तिला काय म्हणालो ते लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "अगं, मुंग्याच त्या. परसात दगडागणिक आहेत."

ती उठली, सुपली आणि केरसुणी घेऊन आली. मी अजून दारातच उभा होतो.

"अण्णा, सरका थोडं," ती म्हणाली. आणि झाडता झाडता, माझ्याकडं न बघता, "झालं ते झालं. नाहीतरी तिकडं मला कुठं वेळ मिळणार होता."

मला केवढं हायसं वाटलं! त्या रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं की पोरगी समंजस आहे, सासरी नाव काढील. पुढं वैशाखात लग्न लागेपर्यंत ज्याला त्याला मी हेच सांगत सुटलो. त्या तीन महिन्यांत मी कोर्टातून आल्यावर तिनं एकदाही माझा हात धरला नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवी आणि आत जाई. मला वाटलं, लग्न ठरलेल्या मुली लाजतात. अक्कल यायला मला दुसरा पावसाळा उजाडावा लागला. एका संध्याकाळी पगडी खुंटीला लावताना मी माजघराकडं वळलो, आणि तिथं तिवई नव्हती, कुणी नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो आणि रडलो. बायकोनं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पहिल्या नातवाच्या बारशाला मी कोल्हापुराकडं गेलो तो मनाशी ठरवून. गाडीत धारवाडपासून मिरजेपर्यंत एकच वाक्य घोकलं, 'बाळ, माझं चुकलं, मला क्षमा कर.' आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू मांडणाऱ्याला स्वतःचं एवढं वाक्य जड जात होतं.

सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. ती शिरा ढवळत होती, बाळ माझ्या मांडीवर. जावयाची बढती, सासूबाईंचे गुडघे, धाकट्या दिराचा अभ्यास, ती बोलत होती. मी आता बोलणार, एवढ्यात ओट्याच्या कडेनं मुंग्यांची रांग आलेली मला दिसली. काळ्याच. साखरेच्या डब्याकडं निघाल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं, ओलं फडकं उचललं, बोलणं न तोडता एका हातानं सगळी रांग पुसली, फडकं पिळलं आणि खुंटीवर टाकलं.

"थोडा शिरा घ्या की, अण्णा," ती म्हणाली.

मी बशी पुढं केली.