उलटी केलेली खोळ

सुमनताई गेल्याचा फोन त्यांच्या थोरल्या भावानं, दादांनीच केला. "सुमन गेली रे. लवकर ये. पण खांदा देऊ नका म्हणून सांगायला येत असशील, तर येऊच नकोस." फोन ठेवून मी रडलो, आणि रडता रडता हसूही आलं...

ताई आम्हाला शरीररचना शिकवत. शस्त्रक्रिया त्यांनी कधी केली नाही, पण ग्वाल्हेरचे निम्मे सर्जन त्यांच्या धाकात वाढले. दादांचा जांघेतला हर्निया दोनदा समोरून शिवला होता आणि दोन्ही वेळा परत आला होता. त्यापायी वडिलांना खांदा देता आला नाही, हा सल त्यांच्या मनातून जात नव्हता. समोर आता नुसते व्रण. जायचं तर मागून, म्हणजे पोटाच्या आतून, दुर्बिणीनं. नेमकं तेव्हाच मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, सरकारी डॉक्टरांच्याही वाटण्या झाल्या आणि हे काम येणारे आमचे एकमेव सर तिकडे गेले. उरलो मी, एकट्यानं एकही न केलेला. माझी पाचावर धारण बसली.

ताईंनी पाटणकर बाजारातल्या घरी बोलावलं. रजईची खोळ उलटी करून दोरीवर टांगली. "तुम्ही सगळे बाहेरची फुलं बघून शिकलात. अंदरसे फुलं नसतातच रे, शिवण असते. ती ओळख." मग लोकरीनं त्यांनी खोळीवर आतून दिसते तशी जांघ टाचली. ही वीर्यनलिका, या अंडकोषाच्या रक्तवाहिन्या, मधल्या त्रिकोणात पायाकडे जाणारी मोठी धमनी, तिच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू. "यहाँ भोक झाकायची जाळी नुसती पसरायची. टाचायचीच तर हाडावरच्या या चिवट पट्टीला." मी चुकलो की सगळं उसवून मलाच पुन्हा टाचायला लावत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या दुर्बिणीच्या पडद्यासमोर उभ्या होत्या. आत सगळी पिवळी चरबी. मी समोरून शिकलेल्या खुणा शोधत राहिलो आणि हात थांबला. ताई एवढंच म्हणाल्या, "शिवण." त्या क्षणी दोरीवरची ती खोळ डोळ्यांपुढे आली. पोटाच्या भिंतीवरची रक्तवाहिनी सापडली, तिच्या आतल्या अंगाला भोक सापडलं, आणि जाळी अशी बसली की मला ओरडावंसं वाटलं. तो हर्निया परत आला नाही.

दादांनी बहिणीला दारापासून चितेपर्यंत खांदा दिला. कुणी बदलायला पुढे झालं की मान हलवत. मी मागून चालत होतो, आणि खरं सांगतो, त्या दुःखातही माझी छाती फुगली होती.

परवा थंडीसाठी रजया काढताना दादांनी ती खोळ माझ्याकडे पाठवली. माझ्या विद्यार्थ्यांच्या खोलीत ती टांगली आहे, उलटीच. लोकर फिकी झाली आहे... शिवण कुठेही उसवलेली नाही.