पहिल्याला माफी

युरोपातल्या स्पर्धा कायद्याचं संपादन टोकियोत बसून कशाला करायचं, असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा मला विचारतो. कारण साधं आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपन्या युरोपात माल विकतात. त्यातल्या काही आपसांत भाव ठरवून विकतात आणि केव्हातरी पकडल्या जातात. मग बाकीच्या कंपन्यांच्या विधी विभागांना घाईने जाणून घ्यायचं असतं की शेजारी नेमका कशात अडकला. आमचं मासिक त्यांच्यासाठी निघतं. ब्रसेल्सहून येणारा निर्णय काहीशे पानांचा असतो. आम्ही त्याचं एक पान करतो.

मी या धंद्यात आले ती पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवरून. कोर्टाच्या बातम्या करता करता कायद्याची पदवी घेतली होती. पुढे नवऱ्याला त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली आणि मी टोकियोतली ही नोकरी धरली. डेस्कवर दोन गोष्टी शिकले होते. विशेषण दिसलं की कापायचं, आणि मेलेल्या माणसाचं वय आधी विचारायचं. दोन्ही इथे उपयोगी पडल्या.

आम्ही संपादक तिघे होतो. मी, सेंदाईची एक जपानी बाई आणि आम्हा दोघींना सीनियर असलेले एक मराठी गृहस्थ. त्यांना मी सर म्हणत असे. आमच्यावर बुचो, म्हणजे विभागप्रमुख.

सर मूळचे ठाण्याचे. मुंबईत काही वर्षं वकिली, मग लंडनच्या एका प्रकाशनगृहात संपादन, आणि पन्नाशीच्या सुमाराला टोकियो. त्यांचं इंग्रजी आमच्यात सगळ्यांत चांगलं होतं आणि वेग सगळ्यांत कमी. मी दोन दिवसांत संपवायचे तो निर्णय त्यांच्याकडे आठवडाभर पडून असायचा. ते पानाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्न लिहीत. ते प्रश्न छापले जात नसत आणि वाचकांना त्यांची गरजही नव्हती.

त्यांची मुलगी इथे प्राथमिक शाळेत असताना आली. एप्रिलपासून ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात जपानी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. मराठी समजायची, उत्तर जपानीत यायचं. देवनागरी वाचता येत नव्हतं. सरांचा व्हिसा नोकरीवर होता आणि उन्हाळ्यात नूतनीकरणाला येणार होता. कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला लागणारी वर्षं भरायला थोडी बाकी होती. नोकरी गेली तर या वयात दुसरी मिळण्यासारखी नव्हती. मग सगळ्यांनी ठाण्याला परत जायचं, जिथे मुलगी फक्त सुट्टीत गेली होती. हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

सरांचा खास विषय होता माफी योजना. हा नियम माहीत नसला तर पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. चार कंपन्यांनी भाव ठरवला किंवा माल कमी काढायचं ठरवलं, की ते कार्टेल. ते गुप्त असतं, पुरावा सापडत नाही. म्हणून ब्रसेल्सचा युरोपीय आयोग म्हणतो, तुमच्यातला जो पहिला येऊन सांगेल त्याचा दंड पूर्ण माफ. दुसऱ्याला थोडी सूट, तिसऱ्याला त्याहून कमी. त्यामुळे शंका आली की सगळे दाराकडे पळतात. सर नव्या माणसाला शिकवताना म्हणत, “कार्टेल पोलीस मोडत नाहीत. संशय मोडतो.” हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की सेंदाईची बाई ते त्यांच्याच हेलात म्हणून दाखवी.

हिवाळ्यात बुचोंनी तिघांना बसवून सांगितलं की युरोपातल्या मुख्य कार्यालयाने टोकियोत दोनच संपादक ठेवायचं ठरवलं आहे. कोण ते एप्रिलच्या आधी ठरेल. प्रत्येकाच्या कामाचा आढावा घेतला जाईल. ते हे बोलले तेव्हा टेबलाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, सर्वांना त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे जेवायला बाहेर गेलो. ऑफिसमागे नेपाळी लोकांनी चालवलेलं इंडियन हॉटेल आहे, नान हवा तेवढा देतात. सरांनी योजना मांडली. तिघांचं काम सारखंच दिसलं तर निवडायला आधार राहणार नाही. प्रत्येकाने महिन्याला सारख्याच संख्येने निर्णय संपवून द्यायचे. आणि बुचोंनी एकेकट्याला विचारलं तर एकच उत्तर, की कुणाचंही काम दुसऱ्या दोघांत वाटण्यासारखं नाही.

“म्हणजे आम्ही दोघींनी हळू काम करायचं,” सेंदाईची बाई म्हणाली.

“मी जोरात करू शकत नाही,” सर म्हणाले. “प्रयत्न केलाय.”

“उत्पादन कमी ठेवण्याचा करार,” ती म्हणाली. “आपण छापतो त्यात हे लोक विमानतळाजवळच्या हॉटेलात भेटतात. आपण नान खातोय.”

“छोट्यांना आयोग सोडून देतो,” सर म्हणाले. “आपला बाजारातला हिस्सा काय आहे? खा अजून एक.”

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “अगं, तू गप्प का? पुण्याची आहेस म्हणून तत्त्वं आडवी येतायत का?”

“वेग मोजतेय,” मी म्हणाले. “किती कमी करायचा ते.”

“माझ्याइतका. अवघड जाईल तुला, पण जमेल.”

जमलं. झालेलं काम मी दोन-तीन दिवस फोल्डरमध्ये ठेवून मग पाठवू लागले. सेंदाईची बाई जपानी सारांश पुन्हा पुन्हा तपासल्याचं दाखवी. जानेवारीत आणि फेब्रुवारीत तिघांचे आकडे सारखे निघाले. सर खुशीत होते. दुपारी पॅन्ट्रीत चहा करताना दबक्या आवाजात विचारत, “काय, आज किती उत्पादन?” मी म्हणायचे, “कोट्याप्रमाणे.”

या कराराचा फायदा तिघांत सरांनाच सर्वांत जास्त होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मार्चच्या सुरुवातीला माझ्या रेसिडेन्स कार्डचं नूतनीकरण आलं. त्याला नोकरीचा दाखला लागतो. तो सोमु, म्हणजे प्रशासन विभाग देतो, पण अर्जावर विभागप्रमुखांचा शिक्का लागतो. मी बुचोंना वेळ मागितली. त्यांनी लहान मीटिंग रूममध्ये बोलावलं. शिक्का मारायला क्षणही लागला नाही. नंतर ते त्सुकुबाबद्दल बोलत राहिले. त्यांचा भाऊ तिथे राहायचा. तिथे गाडीशिवाय चालत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या खोलीला काचेची भिंत आहे. सरांची खुर्ची समोरच होती. बुचो हसले ते त्यांना दिसलं असणार. मी हातात कागद घेऊन बाहेर आले आणि तो बॅगेत ठेवला.

सरांनी मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुपारी ते बुचोंकडे गेले. लेखी काही नेलं नाही. माफी मागणाऱ्या कंपन्याही बहुतेकदा तोंडी निवेदन देतात, कारण कागद नंतर दुसऱ्या देशातल्या कोर्टात निघू शकतो. सरांनी यावर एक उत्तम लेख संपादित केला होता. खोलीत ते बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा चेहरा मोकळा होता. चष्मा पुसत म्हणाले, “चहा घेणार का?” मी हो म्हणाले. त्यांनी करून आणला.

दोन दिवसांनी बुचोंनी मला आणि सेंदाईच्या बाईला आत बोलावलं. म्हणाले की आम्ही तिघांनी कामाचा वेग ठरवून कमी ठेवल्याचं त्यांना समजलं आहे. कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. आम्ही दोघी तिथे होतो. बुचो रागावले नाहीत. नोकरी जाण्याच्या भीतीने माणसं असं वागतात, ते समजू शकतात, असं म्हणाले. पुढे विनंती केली की या महिन्यात प्रत्येकाने आपल्या खऱ्या वेगाने काम करावं, म्हणजे आढावा अचूक होईल. हीच विनंती त्यांनी सरांनाही केली.

मार्चअखेर आकडे आले. ते इथे देत नाही. आमच्या दोघींच्या आकड्यांत फरक थोडा होता. सरांच्या आणि आमच्या आकड्यांत इतका होता की बुचोंनी तक्ता पडद्यावर दाखवताना त्यांच्या रकान्यावरून नजर पटकन पुढे नेली.

मधल्या काळात सेंदाईच्या बाईने सरांशी बोलणं थांबवलं नाही. सकाळी नमस्कार करायची, फोन आला तर द्यायची. फक्त एकदा सेंदाईला घरी जाऊन आली तेव्हा रिवाजाप्रमाणे मिठाईचा डबा आणला, वेष्टनातला एकेक तुकडा प्रत्येकाच्या टेबलावर ठेवला आणि सरांचं टेबल ओलांडून पुढे गेली. इथल्या ऑफिसात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सरांनाही कळला. डब्यात दोन तुकडे उरले होते. तिने डबा पॅन्ट्रीत ठेवला आणि तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

“माझ्या वाटचा खाऊ नाही वाटतं,” सर मला मराठीत म्हणाले.

“पॅन्ट्रीत आहे.”

“पॅन्ट्रीतला खाल्ला तर चोरी होईल.”

“हो.”

ते हसले. मी कामाला लागले. खऱ्या वेगाने.

निर्णय त्यांना कळवला गेला त्या दिवशी ते पॅन्ट्रीत माझ्या मागून आले. आवाज नेहमीसारखाच होता. बुचोंशी झालेलं बोलणं त्यांनी मला सांगितलं. एखाद्या खटल्याची हकीकत सांगावी तसं, क्रमाने.

“मी त्यांना म्हटलं, तुम्हाला माहिती मी दिली. स्वतःहून, आणि सगळ्यांत आधी. ते म्हणाले, हो, वेळेत कळवलंत, त्याबद्दल आभारी आहे. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काय?”

मी कप धूत होते.

“त्यांना तो नियम माहीत नाही असं नाही गं. दर महिन्याला वाचतात. मी लिहिलेलंच वाचतात.”

“तुम्हाला माफी देतो असं ते म्हणाले होते का?” मी विचारलं.

“नाही.”

“तुम्ही विचारलं होतं?”

“नाही.” मग म्हणाले, “पहिला आलेल्याला विचारावं लागत नाही.”

आयोगाकडे जाणारी कंपनी आधी वकिलामार्फत खात्री करून घेते की पहिली जागा मोकळी आहे का, आणि मिळालेलं वचन लेखी घेते. हे सरांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांना ते आठवत होतं, म्हणूनच ते पॅन्ट्रीत उभे होते.

शिल्लक रजा संपवून ते मे महिन्यात शेवटच्या दिवशी आले. जाणाऱ्याने मिठाई वाटायची असते. त्यांनी स्टेशनातल्या चांगल्या दुकानातून डबा आणला होता. प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून कमरेत वाकून म्हणाले की इतके दिवस सांभाळून घेतलंत. सेंदाईच्या बाईने उभं राहून तेवढंच वाकून तुकडा घेतला. तो तिने त्यांच्यासमोरच खाल्ला आणि चांगला आहे म्हणाली. बुचोंनी फुलांचा गुच्छ दिला. टाळ्या वाजल्या. पुढच्या अंकासाठी संपादकांच्या नावांतून एक नाव काढायचं होतं. ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते सकाळीच केलं होतं, कारण छपाईला फाइल दुपारी जायची होती.

त्यांना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेले. त्यांच्या एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी. लिफ्ट खालून वर येत होती.

“एक विचारू का?” ते म्हणाले. “आता काही फरक पडत नाही.”

“विचारा.”

“त्या दिवशी तू आत गेलीस. ते हसत होते. तू काय सांगितलंस त्यांना?”

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला समजत होतं. मीही तेच सांगायला गेले होते, ऐनवेळी राहून गेलं, असं म्हटलं असतं तर त्यांची चूक फक्त व्यवहाराची ठरली असती. ते ठाण्याला गेल्यावर चारचौघांत सांगू शकले असते की तिकडे सगळे तसलेच. पण त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता.

“काही नाही सांगितलं,” मी म्हणाले. “रेसिडेन्स कार्डासाठी दाखला हवा होता. त्यावर शिक्का मारून घेतला.”

“आणि हसत होते ते?”

“त्यांचा भाऊ त्सुकुबाला राहायचा. त्याच्याबद्दल बोलत होते.”

सरांनी गुच्छ दुसऱ्या हातात घेतला. पिशवीमुळे तो नीट धरता येईना, म्हणून पिशवी खाली ठेवली. लिफ्ट आली, दार उघडलं आणि कुणी आत गेलं नाही म्हणून पुन्हा मिटलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी मान हलवली. मुलीची परीक्षा येत्या हिवाळ्यात होती. तोपर्यंत इथे राहता येईल असा काहीतरी कागद त्यांना इमिग्रेशनला दाखवायचा होता, आणि इतकी वर्षं इथे काम केल्याचा पुरावा त्याला जोडावा लागणार होता. हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

“तो दाखला,” ते म्हणाले, “नोकरी सोडलेल्यालाही देतात का?”

“देतात. वेगळा असतो.”

“कुणाकडे मागायचा?”

“सोमुकडे,” मी म्हणाले. “पण आधी बुचोंचा शिक्का घ्या. आहेत ते अजून आत.”

त्यांनी पिशवी तिथेच भिंतीशी सरकवली, गुच्छ माझ्या हातात दिला आणि परत आत गेले.